बिरूआबांची बावीस पानं

आमच्या छापखान्याची आता वेबसाईट होणार आहे. माझा भाचा रोहित, म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा, भूममधला छापखाना सध्या चालवतो. छापखाना कसला, दोन कॉम्प्युटर, एक रंगीत मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या. परवा त्यानं मोबाईलवर मजकूर पाठवला. वर ‘आमच्याविषयी’, खाली तीन पिढ्यांची परंपरा, पुस्तक छपाईतलं विश्वासाचं नाव, लेखकाचा प्रत्येक शब्द जपणारा छापखाना, असं बरंच काही. शेवटी मला एक ओळ : ‘आत्या, शुद्धलेखन तेवढं बघ.’ शुद्धलेखन ठीक होतं. मी मोबाईल पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. ती सकाळीच घासून झाली होती. नवरा म्हणाला, “काय झालं?” मी म्हणाले, “काही नाही.” आमच्या घरात या उत्तरानंतर तो बाहेर फेरफटका मारायला जातो. शहाणा माणूस आहे.

प्रत्येक शब्द जपणारा. मला राग लवकर येतो हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. लग्नकार्यात मला आहेराच्या टेबलापासून लांब बसवतात. पण हा राग वेगळा, जुना आहे, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे. म्हणून तो नीट मांडून ठेवते. रोहितच्या वेबसाईटवर हे मावणार नाही.

माझ्या लहानपणी छापखाना आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता, तोही जुन्या धोतराचा. पुढच्या खोलीत ट्रेडल मशीन, मागच्या खोलीत चूल. मशीन पायानं चालायचं. खटक, मग जरा थांबून धडाड, पुन्हा खटक. त्या तालावर आम्ही भावंडं पाढे शिकलो, झोपलो, तापानं फणफणलो. मशीन बंद पडलं की मला जाग यायची. शाई आणि रॉकेलचा वास घरभर असे. आई खिळे जुळवायची, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळीत बसवायची, आणि मधेच उठून भाकरी थापायची. हात राखेनं, मग रॉकेलनं, मग पुन्हा राखेनं धुतले तरी भाकरीच्या कडेला एखादं करडं बोट उमटलेलं असायचंच. शेंगदाण्याची चटणी आणि तसली भाकरी खाऊन मी मोठी झाले. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या डब्याला पेपरचा वास येतो. मला तो मोठा मान वाटायचा. आता वाटतं, त्यांना डबा बदलून घ्यायचा नव्हता, एवढंच.

आम्ही काय काय छापायचो? लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची पावतीपुस्तकं, सोनारीच्या यात्रेची पत्रकं. पण वडिलांचा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जीव होता तो पुस्तकांवर. “पत्रिका लग्नाबरूबर संपती. पुस्तक ऱ्हातं,” असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. निवृत्त मास्तरांच्या कविता, कीर्तनकारांची निरूपणं, कुणाच्या तरी आजोबांचं चरित्र, असली पुस्तकं अख्ख्या तालुक्यातून आमच्याकडं यायची. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि मशीन मारणं अण्णांचं. जुळणी सगळी आईची. पुस्तकाच्या शेवटी मुद्रक म्हणून नाव अर्थातच अण्णांचं. ती ओळसुद्धा आईच जुळवायची.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं खिळे मोजकेच होते. त्यामुळं अख्खं पुस्तक एकदम जुळवून ठेवता यायचं नाही. आठ पानं जुळवायची, त्यांचं प्रूफ कागदावर काढायचं, लेखकानं चुका दाखवायच्या, त्या दुरुस्त करून पानं छापायची, आणि मग जुळवलेलं सगळं मोडून एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. याला ‘सोडणं’ म्हणतात. सोडलेल्या खिळ्यांतून पुढची आठ पानं. सोडण्याचं काम माझं. ओळ ओली करून डाव्या हातात धरायची, उलटी अक्षरं वाचायची आणि उजव्या हातानं खणांत टाकत जायची, टप टप टप. न वाचता सोडता येत नाही, नाहीतर खिळा भलत्याच खणात जातो. नववीत असताना माझा हात असा चालायचा की अण्णा गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. मी मान वर न करता सोडत राहायचे, जसं काही मला कुणी बघतंय हे माहीतच नाही.

त्या पावसाळ्यात बिरूआबा आमच्याकडं यायला लागले. आबा जवळच्या वाडीवरचे मेंढपाळ. वय त्यांनाच माहीत नव्हतं. बाजाराच्या दिवशी मेंढरं घेऊन यायचे, व्यवहार उरकला की छापखान्याच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी खांद्यावरची नवी घोंगडी काढून आईपुढं ठेवली आणि म्हणाले, “बाई, माजं एक पुस्तक करायचं हाय.”

“कशाचं पुस्तक, आबा?”

“मेंढराचं. कंचा आजार कसा वळकायचा, काय द्याचं, काय द्याचं न्हाय.”

अण्णा मशीनवरून हसले. “आबा, तुमच्या वाडीत वाचणार कोण?”

“नातू हाय की. साळंत जातुय. म्या तोंडानं सांगितलं तर ऐकत न्हाय. मास्तर म्हनला की छापल्यालं खरं असतंय. म्हनलं, मग छापूनच देतू भडव्याला.”

आईनं घोंगडी घडी करून बाजूला ठेवली आणि वही काढली. पण आबांचं सांगणं वहीत उतरवायचं, मग वहीतून जुळवायचं, म्हणजे दुप्पट काम. दुसऱ्या बाजाराला तिनं वही घेतलीच नाही. खिळ्यांच्या खणांपुढं, म्हणजे केसपुढं, उभी राहिली आणि म्हणाली, “सांगा, आबा, सावकाश.” आबा एक वाक्य बोलायचे आणि तंबाखू मळत थांबायचे. तेवढ्या वेळात आईनं ते शिशात उभं केलेलं असायचं. कागद मधे आलाच नाही. मी त्यानंतर पुष्कळ छापखाने पाहिले, असं जुळवणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. पान पुरं झालं की आई त्या उलट्या अक्षरांवरूनच आबांना वाचून दाखवायची. आबा डोळे मिटून ऐकायचे. “कवळं गवात” असं तिनं वाचलं की म्हणायचे, “नुसतं कवळं न्हाय, दव पडल्यालं.” आई तिथल्या तिथं खिळे घालायची. आबांना वाचता येत नव्हतं, मग प्रूफ काढायचं कुणासाठी? वाचून झालं, आबा “व्हय” म्हणाले, की पान सुतळीनं बांधून गॅलीत, म्हणजे पत्र्याच्या लांबट तबकात, टेबलाखाली सरकवायचं.

आबा ठरवून काही सांगायचे नाहीत. त्या आठवड्यात कळपात जे झालं असेल ते सांगायचे. एखादी फुगली असली तर फुगण्याचं पान, एखाद्या मेंढीनं कोकराला लाथाडलं असलं तर त्याचं पान. दर बाजाराला एखादं पान, कधी दोन, तीही सात-आठ ओळींची, म्हणून तेवढे खिळे अडकवून ठेवणं जमायचं. आई म्हणायची, ह्यांचं सगळं झालं की एकदमच छापू, कारण आबा मागच्या पानात काहीतरी घालायला सांगायचेच. दसरा दोन आठवड्यांवर आला तेव्हा टेबलाखाली बावीस पानं झाली होती. दसरा झाला की वाडीतली माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी खाली निघणार, ती थेट पुढच्या पावसाळ्याला परतणार. त्याआधी पुस्तक नातवाच्या हातात द्यायचं, असं आबांनी दोनदा बजावलं होतं.

आणि नेमका तेव्हा साहेबांचा गौरवग्रंथ आला. साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी, नाव सांगत नाही. त्यांची साठी होती, तालुक्यातल्या चाळीसेक माणसांनी त्यांच्यावर लेख लिहिले होते, आणि सत्कार दसऱ्यालाच होता. एरवी असलं काम बार्शीला नाहीतर सोलापूरला जायचं. ते आपल्याकडं आलं म्हटल्यावर अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला. मशीन मारताना इस्त्रीचा सदरा. यावरून काय ते समजा.

त्याच आठवड्यात तेरखेड्याहून निरोप आला. माझा मामा तिथं फटाक्यांच्या कारखान्यात होता, त्याचा हात भाजला होता. आई चार दिवसांसाठी माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, “साहेबांचं तू जुळव जमंल तसं. टेबलाखाली हात लावू नको.” हे तिनं अण्णांसमोर सांगितलं. मला आजही तिचा आवाज ऐकू येतो, कारण ती भाकरीच्या गाठोड्याला गाठ मारता मारता बोलली आणि गाठ दातानं आवळली.

दोन दिवस मी जुळवत होते. चाळीस लेखांत एकच गोष्ट होती : साहेब थोर आहेत. साहेब बालपणापासून थोर होते. साहेबांच्या थोरपणाची प्रचिती प्रस्तुत लेखकास एसटीत आली. दर ओळीत साहेब, साहेब. तिसऱ्या दिवशी सकाळी ‘स’चा खण रिकामा झाला, पाठोपाठ ‘ब’चा. आठ पानं छापून सोडेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. गौरवग्रंथाचे संपादक दारात खुर्ची टाकून बसलेले.

अण्णा म्हणाले, “नंदा, टेबलाखालच्या गॅल्या काढ. सोड.”

“अण्णा, ती आबांची पानं हायत.”

“ठाव हाय मला.”

“त्याचं प्रूफ काढल्यालं न्हाय. कागदावर कायबी न्हाय त्याचं.”

अण्णा क्षणभर थांबले. हे मी शपथेवर सांगते, ते थांबले. म्हणजे त्यांना कळलं होतं. मग संपादकांकडं बघून हसले आणि म्हणाले, “पुन्हा सांगंल की म्हातारं. त्याला काय काम हाय दुसरं?”

मी तिथंच उभी राहिले. तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, “शेवटच्या पानावर तुझं नाव टाकू. जुळणी : कुमारी नंदा. साहेब बघतील.”

अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. ‘पुस्तक राहतं’ हे ज्या तोंडानं आयुष्यभर सांगितलं, त्याच तोंडानं ते वाक्य आलं. चाळीस लोकांनी केलेल्या खुशामतीसाठी एका माणसाचं अख्खं आयुष्य मोडायचं आणि वर विचारायचं, त्याला काय काम आहे. पण पुढचंही लिहायला हवं. त्यांनी मोडलं नाही. मोडलं मी. चौदा वर्षांची होते, आणि एका ओळीत विकली गेले. नुसती विकली गेले नाही, खूश होऊन विकली गेले. संपादक बघत होते म्हणून हात एरवीपेक्षा जास्त चालवला.

न वाचता सोडता येत नाही, हे मघाशी लिहिलंच आहे. म्हणजे आबांचं पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकेक ओळ, आणि वाचली की मोडली. कळप उन्हात एकमेकांच्या सावलीत डोकी घालून उभा असताना जी मेंढी एकटी बाजूला उभी असेल तिच्या कानाला हात लावून बघ. टप टप टप. कोकरू मेलं तर त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकरावर टाक, मग आई त्याला पाजते. टप टप. दुपारपर्यंत बावीस पानं खणांत गेली. संपादक म्हणाले, “पोरगी हुशार आहे हो.” मी मान वर केली नाही.

आई आली ती पाचव्या दिवशी संध्याकाळी. पिशवी ठेवली, टेबलाखाली बघितलं. मग खणांकडं बघितलं. मी चुलीपाशी शेंगोळ्यांना फोडणी देत होते, जणू मला स्वयंपाकाची फार आवड. ती ओरडली नाही. म्हणाली, “कोणी सोडलं?”

अण्णा म्हणाले, “अगं, टाईप कमी पडला. साहेबांचं काम...”

“तुम्हाला न्हाय इचारलं.”

“मी,” मी म्हणाले.

“मग आबांना तूच सांगायचं.”

त्या रात्री कुणी जेवलं नाही. शेंगोळे पातेल्यातच थिजले. दुसऱ्या दिवशी बाजार होता. आबा नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर बसले, तंबाखूची चंची काढली आणि म्हणाले, “बाई, आज छापायचं न्हवं?” आई केसपुढं पाठ करून उभी. मी सांगितलं. आबांना ‘सोडलं’ म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, खण दाखवून. ते उठले, आत आले, एका खणात बोटं घालून खिळे हलवून बघितले.

“मंजी हितंच हाय की सगळं. परत लावा.”

“लावता येतं, आबा,” आई वळून म्हणाली. “पण तुम्हाला परत सांगावं लागंल.”

“म्या कशाला? ही पोरगी वाचत वाचत मोडली म्हनं. हिला इचार की.” आणि माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, “सांग, पोरी. पयल्या पानावं काय हुतं?”

मी सावलीचं सांगितलं. कातडीचं सांगितलं. मग हिवराच्या सालीचं आणि गुळाचं काहीतरी सांगायला लागले आणि अडकले. आबांनी वाट बघितली. शेवटी ते म्हणाले, “बावीस पानं वाचून तीनच व्हय. आन् म्हनं पुस्तक ऱ्हातं.” मशीनपाशी अण्णा उभे होते, त्यांच्याकडं आबांनी बघितलंसुद्धा नाही. चंची बांधली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आईनं पहाटे भाकऱ्या केल्या आणि वही घेतली. अण्णा म्हणाले, “कुठं? साहेबांची शेवटची पानं कोण जुळवणार?” आई म्हणाली, “हाय की कुमारी.” वाडीकडं एसटी जात नव्हती, फाट्यावर उतरून चालत गेली. तीन दिवस ती रोज गेली. वाडीत निघायची गडबड होती, घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं चाललं होतं. आबांनी राग धरला नव्हता. सांगायला बसायचे. पण आठवायचं नाही. “आजारी मेंढरू म्होरं असलं की आठवतंय, बाई. आता समदी बरी हायती. बऱ्या मेंढराकडं बघून आजार कसा सांगू?” सारा पावसाळा एकेक मेंढी आजारी पडत गेली होती आणि तिच्याबरोबर एकेक पान आलं होतं. तो पावसाळा काही आम्हाला परत जुळवता येणार नव्हता. तीन दिवसांत वहीत सहा पानं झाली.

इकडं गौरवग्रंथ वेळेवर निघाला. शेवटच्या पानावर माझं नावही आलं, नको तेवढं ठळक. साहेबांनी ते बघितलं का, माहीत नाही. मी वर्गात कुणाला दाखवलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईनं ती सहा पानं जुळवली, जे पान जिथं होतं तिथं : तिसरं, चौथं, नववं, असं. मग उरलेल्या सोळा पानांचे नुसते आकडे जुळवले आणि चौकटीत बसवून अण्णांपुढं ठेवले. अण्णा म्हणाले, “ह्याच्यात काय छापायचं? पान कोरं हाय.”

“आकडा छापा.”

“नुसता आकडा? लोक हसतील.”

“हसू द्या. मोडलेलीबी पानंच हायत. पाय मारा.”

अण्णांनी पाय मारला. खटक, धडाड. सोळा कोरी पानं त्यांनी त्या दिवशी छापली, प्रत्येकावर खाली एक बारीक आकडा, आणि एकदाही वर बघितलं नाही. आई एकेक कागद उचलून वाळत घालत होती. मी मधे गेले तर म्हणाली, “तू शीव.” मग मी सुई-दोरा घेऊन पन्नास प्रती शिवल्या. माझं बोट सोळाव्या प्रतीला फुटलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची सोय नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मेंढरं घेऊन छापखान्यावरूनच गेले. आईनं प्रती त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी एक उघडली, पानं उलटली. छापलेल्या पानावरून बोट फिरवलं, कोऱ्या पानावर थांबवलं.

“हितं काय हाय?”

“हितं तुमचं होतं,” आई म्हणाली. “मोडलेलं.”

आबांनी पुस्तक मिटलं. “असू द्या,” ते म्हणाले. “वाटंत एखादं मेंढरू पडलं की नातू लिवंल.” प्रती घोड्यावर बांधल्या आणि मेंढरांच्या मागं चालते झाले. पुढच्या पावसाळ्यात वाडीवरून दुसरीच माणसं बाजाराला आली. आबा वाटेतच गेले, असं त्यांनी सांगितलं. कोऱ्या पानांवर कुणी काही लिहिलं का, हे विचारायला आई वाडीत जाऊन आली. परत आल्यावर त्याबद्दल बोलली नाही, आणि तिला विचारायची हिंमत त्या घरात कुणाला नव्हती.

एक प्रत माझ्याकडं आहे. गेल्या वर्षी बाराव्या पानावर मी पेन्सिलीनं लिहायला घेतलं : मेंढी फुगली तर तिला चढावर तोंड करून उभी करावी आणि हिवराची साल कुटून गुळात द्यावी. इथवर आले आणि थांबले. साल आधी द्यायची की फुगा उतरल्यावर, ते आठवेना. आबांनी त्यावर एक अख्खं वाक्य सांगितलं होतं. ते मी डाव्या हातात धरलं होतं, वाचलं होतं, एवढं पक्कं आठवतं. उलटंसुलटं लिहिलं आणि कुणी खरं मानून तसं केलं, तर मेंढरू मरायचं. मी खोडरबर घेतलं आणि पान पुन्हा कोरं केलं. बारा आकडा तेवढा खाली राहिला.